बाजारातली ग्रीक

धर्मग्रंथाची भाषा म्हटली की आपण आधीच हात जोडून बसतो. ती शुद्ध असणार, भारदस्त असणार, व्याकरणाच्या काट्यावर तंतोतंत उतरणार, असं आपण धरूनच चालतो. आणि एखादं रूप नाही उतरलं, तर त्याचीही सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. रामायण-महाभारतात पाणिनीच्या नियमांत न बसणारं रूप आलं की टीकाकार म्हणतात, हा ‘आर्ष प्रयोग’. म्हणजे ऋषींनी केलेला. विद्यार्थ्याने केली तर चूक आणि ऋषींनी केला तर आर्ष प्रयोग! वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची, आणि हसावं असंच ते आहे.

आज ज्या ग्रंथाबद्दल लिहायचं आहे, त्याच्या वाट्याला हीच गंमत आली, फक्त दुसऱ्या मुलखात. ख्रिस्ती लोकांचा नवा करार. लहानमोठी २७ पुस्तकं, बहुतेक इसवी सनाच्या पहिल्या शतकातली, आणि सगळी ग्रीक भाषेत. येशू बोलायचा अरामी. पण त्याच्याबद्दल जे लिहून मागे राहिलं ते ग्रीकमध्ये. मात्र ही ग्रीक प्लेटोची नव्हे. ही बाजारातली, बंदरावरची, छावणीतली ग्रीक.

मी ख्रिस्ती नाही, आणि ग्रीकची पंडित तर मुळीच नाही. मराठी माध्यमातून बी.ए., आणि मग माध्यमिक शाळेत मराठी-संस्कृत शिकवण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर आमच्या शेजारी एक निवृत्त पाळक राहायला आले. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, “बाई, तुम्हाला संस्कृत येतं ना? मग ग्रीक शिकून बघा. करमणूक होईल.” मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी आमची शिकवणी सुरू झाली. चहा माझा, पुस्तक त्यांचं.

करमणूक झाली खरी. संस्कृतात ‘भरामि’, तर ग्रीकमध्ये ‘फेरो’. आपलं भूतकाळाचं ‘अभरम्’, तर त्यांचं ‘एफेरोन’. क्रियापदाच्या आधी लागणारा आपला ‘अ’ तिकडे ‘ए’ होऊन बसलेला! आत्मनेपदासारखं काहीतरी त्यांच्याकडे आहे, विधिलिङ् सारखं आहे, आणि चक्क द्विवचनही आहे. मी अगदी खूश होऊन द्विवचनाची रूपं पाठ करायला घेतली, तर पाळकसाहेब म्हणाले, “ती राहू द्या. प्लेटो वाचायचा असेल तर लागतील. नव्या करारात द्विवचन एकदाही येत नाही.”

एकदाही नाही! विधिलिङ् सारखी रूपंही सगळ्या ग्रंथात मिळून साठ-सत्तरच, आणि ती बरीचशी दोघा लेखकांकडे, लूक आणि पौल यांच्याकडे.

याचं कारण इतिहासात आहे. अलेक्झांडर इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये बाबिलोनला वारला, पण त्याच्या सैन्याबरोबर गेलेली ग्रीक भाषा मागे राहिली. इजिप्तपासून इराणपर्यंत व्यापारी, सैनिक, कारकून, गुलाम असे सगळे ती बोलू लागले. यातल्या कित्येकांची ती मातृभाषा नव्हती. अशी भाषा वापरून वापरून पायरीच्या दगडासारखी झिजते. अवघड रूपं गळतात, सोपी उरतात. या ग्रीकला ‘कोइने’ म्हणतात, म्हणजे ‘सामाईक’. आपल्याकडे संस्कृतचं द्विवचन प्राकृतात उरलं नाही, मराठीत तर नाहीच. दोन डोळे आणि दोनशे डोळे आपण एकाच अनेकवचनात घालतो आणि कुणाचं काही अडत नाही. तेच तिकडे झालं.

आता या ग्रंथातल्या मार्क नावाच्या लेखकाकडे या. चार शुभवर्तमानांपैकी त्याचं सर्वांत छोटं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत आधीचं. त्याची वाक्यं ‘काइ’ या शब्दाने सुरू होतात. काइ म्हणजे आणि. आणि तो गेला, आणि ते आले, आणि तो म्हणाला. पानंच्या पानं! दुसरा त्याचा आवडता शब्द ‘एउथिस’, म्हणजे लगेच. सोळा छोट्या अध्यायांत हा शब्द चाळीसेक वेळा येतो. तिसरी सवय म्हणजे घडून गेलेली गोष्ट सांगताना एकदम वर्तमानकाळात उडी मारणं. असं तो दीडशेच्या आसपास वेळा करतो. ही लकब आपल्या ओळखीची आहे. कीर्तनकारबुवा नाही का रंगात आले की म्हणत, “महाराज दारापाशी येतात, आणि बघतात तो काय...” तसंच. रोमन शतपतीसाठी चांगला ग्रीक शब्द असताना हा सरळ लॅटिन ‘केंतुरिओन’ वापरतो, जसं आपण तहसीलदारासमोर ‘ॲप्लिकेशन’ देतो.

शाळेच्या भाषेत सांगायचं तर मजकूर जिवंत, शुद्धलेखन यथातथा, दहापैकी साडेपाच.

लूकचं तसं नाही. त्याच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य चार श्लोकांचं एकच वाक्य आहे, उत्तम बांधलेलं, एखाद्या ग्रीक इतिहासकाराने मान डोलवावी असं. मार्कचं लिखाण त्याच्यासमोर होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातला मजकूर घेताना त्याने मार्कचे ते उड्या मारणारे वर्तमानकाळ जवळजवळ सगळे काढून टाकले, केंतुरिओनच्या जागी ग्रीक शब्द घातला, आणि गरिबाच्या अंथरुणाला मार्कने वापरलेला ‘क्राबातोस’ हा शब्दही त्या प्रसंगात बदलला. क्राबातोस म्हणजे वळकटी करून खांद्यावर टाकावं असलं बिछानं. शिष्ट लोकांना तो शब्द खपत नसे. दुसऱ्या शतकात फ्रिनिखोस नावाच्या एका वैयाकरणाने ‘हे म्हणा, ते म्हणू नका’ अशी यादीच केली होती. त्यात क्राबातोस म्हणू नका, ‘स्किंपूस’ म्हणा, असं बजावलेलं आहे. पाचशे वर्षांपूर्वीची अथेन्सची भाषाच तेवढी खरी, असं मानणाऱ्यांतला तो. असे गुरुजी प्रत्येक भाषेत असतात, आणि त्या जमातीत माझंही नाव घालायला हरकत नाही.

या शब्दावरून पुढे चौथ्या शतकात सायप्रस बेटावर भर सभेत वाद झाला. सोझोमेन नावाच्या इतिहासकाराने तो लिहून ठेवला आहे. त्रिफिलियोस नावाचा बिशप प्रवचन करत होता. बैरूतला कायदा शिकलेला, वाणी गोड. पांगळ्याला येशूने आपलं अंथरूण उचलून चालायला सांगितलं, तो प्रसंग सांगताना त्याने क्राबातोस हा गावंढळ शब्द टाळून स्किंपूस म्हटलं. श्रोत्यांत स्पिरिदोन नावाचा दुसरा बिशप होता. बिशप झाल्यावरही हा आपली मेंढरं राखत असे. तो ताडकन उठला आणि विचारलं, की ज्याने क्राबातोस म्हटलं त्याच्यापेक्षा तू मोठा लागून गेलास का, त्याचा शब्द उच्चारायची तुला लाज वाटते? आणि सभेतून निघून गेला. मला दोघंही बिशप समजतात. एकाला वाटत होतं की पवित्र गोष्ट चांगल्या कपड्यांत समोर यावी. दुसऱ्याला वाटत होतं की ते कपडेच तिचे नव्हेत.

सगळ्यांत धाडसी व्याकरण आहे शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात. ग्रीकमध्ये ‘अपो’ म्हणजे ‘पासून’. त्याच्यानंतर षष्ठी हवी. हा लेखक पहिल्याच अध्यायात देवाचा उल्लेख करताना अपोच्या पुढे सरळ प्रथमा ठेवतो. मराठीत ‘त्याच्यापासून’ऐवजी ‘तो-पासून’ म्हणावं तसं. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियस नावाच्या बिशपने मोकळेपणाने लिहिलं की या लेखकाची ग्रीक अशुद्ध आहे, आणि म्हणून योहानाचं शुभवर्तमान लिहिणारा तो हा नव्हे. धर्मगुरूने धर्मग्रंथाच्या व्याकरणाला नावं ठेवावीत आणि तरीही तो धर्मगुरूच राहावा, याचं मला फार कौतुक वाटलं.

पण पुढचं पाहा. त्याच वाक्यात थोडं पुढे अपो पुन्हा येतो, आणि तिथे षष्ठी बिनचूक आहे! म्हणजे नियम माहीत होता. मग देवाच्या नावालाच विभक्ती का लावली नाही? कित्येक अभ्यासक म्हणतात, मुद्दामच. ते नाव वाकवायचं नाही म्हणून. नंतरच्या नकलाकारांना मात्र ते पाहवलं नाही. अनेक हस्तलिखितांत अपोच्या पुढे ‘देव’ या शब्दाची षष्ठी घालून त्यांनी वाक्य सावरून घेतलं. भक्तीनेच केलं त्यांनी. म्हणूनच पाठचिकित्सेत एक नियम रूढ झाला. अठराव्या शतकात बेंगेल या जर्मन पंडिताने तो नीट मांडला: दोन पाठांतला अवघड, खडबडीत पाठ बहुधा जुना समजावा. कारण नकलाकार खडबडीत ते गुळगुळीत करतो, गुळगुळीत ते मुद्दाम खडबडीत करत नाही.

बरं, या सगळ्या खडबडीतपणाचं करायचं काय? सतराव्या शतकात युरोपातले पंडित यावर भांडले. एक पक्ष म्हणे, ही शुद्ध ग्रीकच आहे. दुसरा म्हणे, ही हिब्रू वळणाची ग्रीक आहे. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड रोथे या जर्मन पंडिताने पवित्र आत्म्याची भाषा अशीच कल्पना मांडली. जगात कुणी बोलत नसे अशी, या ग्रंथापुरतीच घडलेली भाषा. म्हणजे आलं आपलं ‘आर्ष’!

आणि मग इजिप्तच्या वाळूतून कागद निघाले. पपायरसचे. ऑक्सिरिंकस या गावाच्या उकिरड्यांत ग्रेनफेल आणि हंट या दोघा इंग्रजांनी १८९६ च्या हिवाळ्यात खणायला सुरुवात केली. पावत्या, भाडेपट्टे, तक्रारअर्ज, घरगुती पत्रं. अडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने असल्या कागदांवरची भाषा आणि नव्या कराराची भाषा शेजारी ठेवून पाहिली आणि १८९५ पासून पुस्तकांमागून पुस्तकं लिहून दाखवलं, की ज्याला तुम्ही दैवी ग्रीक म्हणता तशीच ग्रीक वाणी, शेतकरी आणि सैनिक लिहीत होते.

त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. मत्तयच्या शुभवर्तमानात दिखाऊ दानधर्म करणाऱ्यांबद्दल म्हटलं आहे की त्यांना त्यांचं फळ मिळालं. तिथलं क्रियापद आहे ‘अपेखो’. हा शब्द पावत्यांवर सर्रास सापडला. अर्थ: रक्कम पूर्ण मिळाली, येणं बाकी नाही. आपल्या मराठीत त्याला नेमकी जोड आहे: ‘भरून पावले’. पावती हा शब्दच त्यातला. लोकांनी वा वा म्हटलं ना? मग झालं, पावती फाटली, हिशेब बंद. देवघरातला वाटणारा शब्द दुकानातला निघाला आणि त्याला केवढी धार आली!

डाइसमानने थोडं ताणलं, असं पुढच्यांनी म्हटलं आणि ते रास्त आहे. पौल किंवा लूक काही पावती लिहिणारे कारकून नव्हते. हिब्रू-अरामी वळणही त्या भाषेत खरंच आहे. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राची ग्रीक तर इतकी घोटीव आहे, की त्याच्या पहिल्याच वाक्यात ‘प’चा अनुप्रास आहे. अशुद्ध लिहिलं म्हणजे सच्चं, असं काही नाही. पण एका ग्रंथात सगळे शेजारी शेजारी बसले आहेत, हे खरं.

त्या कागदांत थेऑन नावाच्या एका मुलाचं बापाला लिहिलेलं पत्र आहे, दुसऱ्या किंवा तिसऱ्या शतकातलं. बाप त्याला न घेता अलेक्झांड्रियाला गेला म्हणून पोरगा भडकला आहे. मी तुला पत्र लिहिणार नाही, तुझ्याशी बोलणार नाही, जेवणार नाही, पाणी पिणार नाही! शुद्धलेखनाच्या चुका ठायीठायी. पण अठराशे वर्षांनी वाचतानाही त्याचं फुगलेलं नाक दिसतं. पाळकसाहेबांनी मला ते वाचून दाखवलं आणि विचारलं, “बाई, किती मार्क द्याल?”

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरी पत्रं होती.

माझी आई प्रौढ साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकली, तीन मुलं झाल्यावर. मी कॉलेजच्या वसतिगृहात असताना तिने मला पोस्टकार्डं लिहिली. एकेचाळीस माझ्याकडे आहेत. पूर्णविराम एकातही नाही. ण आणि न यांत तिने कधी भेद केला नाही. “आनी गाय व्याली आनी खोंड झाला आनी भावाला ताप व्हता आनी आता बरा हाय आनी तू जेवत जा.” गेल्या वर्षी माझ्या भाचीने ही पत्रं टाइप करून घरातल्यांसाठी पुस्तिका काढायचं ठरवलं. म्हणाली, “आत्या, तू शुद्ध करून दे ना.” माझ्याइतकं त्या कामाला योग्य कोण? जन्मभर तेच केलेलं.

मी म्हटलं, जसं आहे तसं टाइप कर. माझ्या धाकट्या भावाला ते मुळीच आवडलं नाही. “ताई, लोक आईला हसतील गं,” म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. लोक हसतात. मराठी शाळेत घरची बोली बोललं की मुलं कशी हसतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. मी मुलांना महामंडळाचे नियम शिकवले ते याचसाठी, की उद्या अर्ज लिहिताना, मुलाखतीला बसताना त्यांना कुणी हसू नये. ते शिकवलंच पाहिजे. पण अर्ज वेगळा आणि आईचं पत्र वेगळं. ‘आनी’चा ‘आणि’ केला, मधे पूर्णविराम घातले, ‘व्हता’चं ‘होता’ केलं, तर नातवंडांना आजीची खुशाली कळेल, पण आजीचा आवाज ऐकू येणार नाही. त्यांच्यापैकी दोघांनी तिला पाहिलेलंही नाही.

शेवटी भावाला म्हटलं, तू तुझी शुद्ध प्रत तयार कर, आपण दोन्ही छापू. डावीकडे आईची, उजवीकडे तुझी. लूकची आणि मार्कची पोथी चर्चने एकाच बांधणीत ठेवलीच ना? भावाला ही उपमा काही कळली नाही. पुस्तिका अजून छापायची आहे, आणि तो अजून पुरता राजी नाही.

या संदर्भात पंडिता रमाबाईंची आठवण येते. संस्कृतच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ पदवी मिळवलेली बाई. तिने मनात आणलं असतं तर समासांची माळ ओवत भरजरी मराठी लिहिली असती. पण आयुष्याच्या अखेरच्या काळात केडगावच्या मुक्ती सदनात तिने हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते मुद्दाम साध्या मराठीत. आश्रमातल्या, नुकत्याच अक्षरं शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. छपाईचं कामही तिथल्याच बायका करत. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि त्यानंतर ते संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं. बाजारातल्या ग्रीकला स्वयंपाकघरातली मराठी मिळाली. मूळ लेखकांना हे आवडलं असतं असं मला वाटतं.

जाता जाता एक गोष्ट, मार्कला साडेपाच मार्क देणाऱ्यांसाठी. हा ‘आणि, आणि’ करणारा लेखक एका ठिकाणी एकदम वेगळं वाक्य लिहितो. बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली एक बाई गर्दीत येते, तो प्रसंग. तिथे मार्क एकामागून एक सात धातुसाधितं ठेवतो, आपल्या ‘सोसून, खर्चून, ऐकून, येऊन’ सारखी. आजार, वैद्यांनी केलेले हाल, संपलेला पैसा, वाढलेलं दुखणं, कानावर आलेली बातमी, गर्दीतून मागून येणं... सगळं येतं, पण मुख्य क्रियापद काही येत नाही. वाचणारा ताटकळतो. तीही बारा वर्षं ताटकळलेली आहे. आणि मग अगदी शेवटी ते एक छोटंसं क्रियापद येतं: शिवली. त्याच्या कपड्याला हात लावला.

आमच्या शिकवणीत त्या वाक्यापाशी पोचायला आठवडा लागला होता. पाळकसाहेब एकेक रूप सोडवत होते आणि मी वहीत कर्ता, कर्म, धातू लिहीत होते. शेवटच्या क्रियापदाशी आलो तेव्हा दोघांचाही चहा गार झाला होता.